सगळा दोष मुलांचाच?

परदेशात वाढलेल्या मुलांना आईवडिलांच्या संस्कृतीचं काही पडलेलं नसतं, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. अर्धवट पटलं.

माझ्या मते खरी गोची अशी की, आईवडील ज्या साली देश सोडतात त्या सालीच त्यांच्या मनातलं घड्याळ थांबतं. मायदेशी भाषा, रीतीभाती बदलत राहतात, घरात मात्र जुनीच आवृत्ती शिकवली जाते. मग सुट्टीत मूल तिकडे गेलं की चुलत भावंडंच त्याच्या बोलण्याला हसतात. इथे परकं, तिथे पाहुणं!

शिवाय यातल्या कित्येकांनी लहानपणी बँकेत, दवाखान्यात आईवडिलांसाठी दुभाष्याचं काम केलेलं असतं. डॉक्टर काय म्हणतात ते आठदहा वर्षांच्या पोरानं आईला समजावून सांगायचं, हे ओझं कुणी मोजत नाही. त्या भाषेशी त्याचं नातं नुसतं गोडगोड कसं राहील?

बाकी ‘पुढच्या पिढीत सगळं संपणार’ ही भीती मला जरा अतिरेकी वाटते. मुलगा जे विसरू पाहतो ते नातवाला आठवावंसं वाटतं, असं अमेरिकन इतिहासकार मार्कस ली हॅन्सन यांनी १९३८ मध्येच मांडलं होतं. भाषेला मात्र हे फारसं लागू पडत नाही म्हणा. ती तिसऱ्या पिढीपर्यंत बहुधा सुटतेच. म्हणून मूल मोडकंतोडकं बोललं तरी आधी ऐकून घ्यावं, व्याकरण नंतर. चारचौघांत चुका काढल्या की सगळं समजत असूनही मुलं त्या भाषेत उत्तर देणं सोडतात.