मदत हवी आहे: सॉफ्टवेअरच्या आर्किटेक्चरचं (रचनेचं) एकच डॉक्युमेंट मालक, मुनीमजी आणि नवे डेव्हलपर, सगळ्यांना कसं पुरवायचं?

नमस्कार मंडळी. मी इंदूरचा, विजयनगरला एका छोट्या कंपनीत आहे. मंडीतल्या व्यापाऱ्यांसाठी आमचं सॉफ्टवेअर आहे: आवक, लिलावाचा भाव, तुलाई, हम्माली, शेतकऱ्याच्या खात्यात पैसे. चोइथराम मंडीतले कांदा-बटाट्याचे व्यापारी ते वापरतात.

आर्किटेक्चरचं डॉक्युमेंट मीच लिहिलंय, ६४ पानी. मागच्या महिन्यात त्यातलं मोठं चित्र छापून एका व्यापाऱ्याच्या मुनीमजींसमोर ठेवलं. अकरा चौकोन, बाणच बाण. त्यांनी पेन्सिलीनं ‘मेसेज क्यू’भोवती (एका सर्व्हिसचे निरोप दुसरीकडे जाण्याआधी थांबतात ती रांग) गोल केला आणि विचारलं, "भैया, इसमें पैसा अटकता है क्या?"

अडकतो. क्यू तुंबली की पैसे बँकेकडे उशिरा जातात. मला हे पाठ आहे, पण ६४ पानांत कुठेही सरळ लिहिलेलं नाही.

त्याच आठवड्यात रात्री सव्वादोनला सर्व्हर बसला. ड्यूटीवरची मुलगी त्याच डॉक्युमेंटात शोधत होती, कोणती सर्व्हिस आधी चालू करायची. तिला क्लास डायग्राम (कोडच्या आतल्या रचनेची चित्रं) सापडले, क्रम नाही. शेवटी मला उठवलं. पहाटे मालाच्या गाड्या लागतात, पावती निघाली नाही तर शेतकरी ताटकळतो. हे मला फार लागलं.

वाचन केलंय. फिलिप क्रुश्टेन यांची १९९५ची ‘४+१’ मांडणी, म्हणजे एकच सिस्टिम चार बाजूंनी दाखवणारे चार व्ह्यू: लॉजिकल, प्रोसेस, डेव्हलपमेंट, फिजिकल आणि त्यांना जोडणारे प्रसंग. सायमन ब्राउन यांचं ‘सी-फोर’ही पाहिलं, चार पातळ्यांवर चित्रं काढण्याची पद्धत. आयएसओ ४२०१० हे आर्किटेक्चर कसं लिहावं याचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, आधी कोणाला कसली काळजी आहे ते लिहा, मग त्यानुसार व्ह्यू ठरवा. पटतं. पण आम्ही सहाच जण. चार डॉक्युमेंटं केली तर दोन महिन्यांत एकाचा दुसऱ्याशी मेळ राहणार नाही. तुम्ही हे कसं सांभाळता? आणि मालकांना खर्च आणि जोखीम कळायला हवी, त्यांना चित्र द्यावं की दोन परिच्छेद?

प्रतिसाद (बडोद्याहून):
चित्रं हातानं काढणं आधी थांबवा. स्ट्रक्चरायझर नावाच्या टूलमध्ये सिस्टिमचं मॉडेल मजकुरात एकदाच लिहायचं, त्यातून हवे तितके व्ह्यू निघतात. एक नाव बदललं की सगळीकडे बदलतं. ती फाइल कोडच्याच गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारी सिस्टिम) ठेवा आणि कोड बदलणाऱ्यानं त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (तपासणीला पाठवलेला बदल) ती बदलायची, हा नियम करा. रात्रीचा क्रम मात्र यात घालू नका. त्याचं वेगळं एक पान हवं: आधी डेटाबेस, मग क्यू, मग बाकीचं, कमांडसकट. ते दर महिन्याला नव्या माणसाकडून करून घ्या, तो जिथे अडेल तिथे दुरुस्ती. मालकांना दोन परिच्छेदच द्या, शिवाय मोठ्या निर्णयांच्या नोंदी: काय ठरवलं, का, त्याची किंमत काय. मायकेल नायगार्ड यांनी २०११मध्ये मांडलेली एडीआरची (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, म्हणजे निर्णयाची छोटी नोंद) पद्धत त्याला चांगली.

मूळ लेखक:
मनापासून आभार. रात्रीचं पान आजच लिहायला घेतो. एक विचारायचं राहिलं: मुनीमजी ‘भुगतान’ म्हणतात, आमच्या कोडमध्ये ‘सेटलमेंट’ आहे. चौकोनावर कुणाचा शब्द ठेवता?

प्रतिसाद (बडोद्याहून):
मुनीमजींचा. जमेल तेव्हा कोडमध्येही तोच आणा.