मदत हवी आहे: लिसफ्रँकच्या (पावलाच्या मधल्या सांध्यांच्या) दुखापतीनंतर पुन्हा स्पीड विंडसर्फिंग (शीड लावलेल्या बोर्डवरची वेगाची धाव)

नमस्कार मंडळी,

इथे विंडसर्फिंग करणारे दोन-चारच असतील, पण फिजिओ आणि हाडं मोडून घेतलेले खेळाडू बरेच आहेत, म्हणून विचारतेय.

मी मूळची रत्नागिरीची, गेली ११ वर्षं इंग्लंडात वेमथजवळ. वय ४३. पोर्टलंड हार्बरला, चेसिल बीचच्या आडोशाला शीड घेऊन उतरते. चेसिल म्हणजे गोट्यांचा मैलोनमैल लांब बांध. वारा त्याच्यावरून येतो, लाटा मात्र पलीकडेच अडतात. त्यामुळे २५ नॉट वाऱ्यातही काठालगतचं पाणी ताटासारखं सपाट. इथे १९७२ पासून स्पीड वीक, म्हणजे वेगाच्या स्पर्धेचा आठवडा, भरतो. ५०० मीटरची सरासरी धरतात आणि माझी सगळ्यात चांगली धाव ३६.८ नॉटची, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर. नामिबियात ल्युडेरिट्झच्या कालव्यात फ्रेंच विंडसर्फर आंत्वान आल्बोने २०१५ साली ५३.२७ नॉट काढले होते, त्यापुढे हे काहीच नाही. पण माझ्यासाठी ते ३६.८ कमावलेले आहेत.

गेल्या नोव्हेंबरात ऐन वेगात फिनला (बोर्डखालच्या पात्याला) समुद्री गवत अडकलं. बोर्ड जागीच थबकला आणि मी हार्नेससकट (शिडाला अडकवायच्या कमरपट्ट्यासकट) पुढे फेकले गेले. मागचा पाय फूटस्ट्रॅपमधून (बोर्डवरच्या पाय अडकवायच्या पट्ट्यातून) सुटला, पुढचा सुटला नाही. हॉस्पिटलात झोपवून एक्स-रे काढला आणि ‘मुरगळलाय’ म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी तळव्यावर, अगदी मधोमध, जांभळासारखा डाग उमटला. दहाव्या दिवशी दुसरीकडे उभं करून एक्स-रे काढला तेव्हा पहिल्या-दुसऱ्या बोटांच्या मुळाशी फट दिसली. लिसफ्रँक. प्लेट, स्क्रू, ८ आठवडे पाय टेकवायचा नाही. मे महिन्यात प्लेट काढली. जूनअखेर सर्जनने पाण्यात उतरायला परवानगी दिली.

आता ऑगस्ट. चालताना त्रास नाही. एका पायावर टाच उचलण्याचे डाव्याने २५ होतात, उजव्याने १४. पण खरी गोम वेगळीच. आमच्याकडे पश्चिमेच्या वाऱ्यात वेगाच्या धावेला उजवाच पाय पुढे असतो. परत वर येताना डावा पुढे, तेव्हा मी पूर्वीचीच. धाव सुरू झाली, झोत आला, आता बोर्ड वाऱ्यापासून खाली वळवून पुढच्या पायावर दाब द्यायचा, की नेमका त्याच क्षणी तो पाय आपोआप अर्धा स्ट्रॅपबाहेर येतो आणि हात शीड सैल सोडतात. ठरवून करत नाही, होतं. जीपीएसवर ३१ च्या वर आकडा जात नाही.

ऑक्टोबरच्या स्पीड वीकला नाव घालू की यंदा बसू? स्ट्रॅप ढिला ठेवू की घट्ट? आई फोनवर म्हणते, “पुरे झालं आता शिडाला लोंबकळणं.” तिला सांगायला तरी काहीतरी ठोस हवंय.

ठाणे_फिजिओ: ताई, १४ आणि २५ यातलं अंतर आधी कमी करा. निदान २२-२३ व्हायला हवेत, मग जागेवर एका पायाने उड्या, मग बाजूला उड्या. पाण्यात दुखतं का यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली दहा पावलं कशी पडतात ते लिहून ठेवा. स्पर्धेआधी सर्जनना विचारून उभ्याने पुन्हा एक्स-रे काढता येईल का पाहा. रोजच्या बुटात कडक इनसोल वापरताय ना? स्ट्रॅपचं मला कळत नाही.

बटाटावडा: पाण्यावर पडून हाड मोडतं?? आम्ही विहिरीत उड्या मारायचो.

दोनापावल: विहिरीत उडी मारताना पाय कशात बांधलेला नव्हता ना, भाऊ. 🙂

धागाकर्तीला: मी गोव्यात शिकवतो, वेगवाला नाही, तरी सांगतो. घट्ट-ढिला हा प्रश्नच नाही, पाय किती आत जातो ते बघा. बोटांची मुळं स्ट्रॅपखाली, बस. ढिला असेल तर पाय घोट्यापर्यंत आत सरकत जातो आणि पडताना तिथेच रुततो. अर्धा बाहेर पाय तर त्याहून वाईट, कारण दाब पुढे न गेल्याने नाक उचलतं आणि झोतात बोर्डवर ताबा राहत नाही. गवताचे दिवस असतील तर मागे झुकलेली फिन लावा, आकडा थोडा कमी येऊ दे. शीड एक नंबर लहान. आणि फेकले गेलात तर बूम (शीड धरायचा आडवा दांडा) सोडू नका, कोपर वाकवून धरून ठेवा. सुटलात की शरीर पायाच्या पुढे जातं.

ठाणे_फिजिओ: हे शेवटचं पटलं. पाय अडकून वरचं शरीर पुढे जाणं, हीच ती दुखापत.

धागाकर्ती: दोनापावल, तुमचं वाचून गॅरेजमध्ये गेले, दोन्ही बोर्ड काढले. जूनमध्ये पाय सुजायचा म्हणून पुढचा स्ट्रॅप मीच दोन बोटं ढिला केला होता आणि साफ विसरले होते. पाय घालून पाहिला तर थेट व्रणापर्यंत आत. म्हणजे पाय उगाच बाहेर पळत नव्हता म्हणायचा.

घट्ट केलाय. नाव अजून घातलेलं नाही, २२ झाले की बघू. आज १५ झाले, पंधरावा जरा खोटा होता. बुधवारी पश्चिमेचा वारा दाखवतायत, ६.३ चौरस मीटरचं शीड घरी ठेवून ५.६ चं घेऊन जाते. आकडे इथेच टाकते.

बटाटावडा, ताशी साठला पाणी कसं लागतं ते बघायला या कधी. वडे घेऊन या.