क्रूझची 'गोल्ड मेंबरशिप' : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-२०४ वहिनी: नमस्कार सगळ्यांना. येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. दीर-जाऊ आणि आम्ही असे चौघं सिंगापूरहून ४ रात्रींची क्रूझ करायचं चाललंय. एजंटने रॉयल कॅरिबियन या जहाज कंपनीचं पॅकेज दिलंय. तो म्हणतो, माणशी ३,००० रुपये वेगळे भरा, गोल्ड मेंबरशिप करून देतो, पुढच्या वेळी फायदाच फायदा. सी-१०१ काकू, तुम्ही जाऊन आलेल्या आहात. भरायचे का?

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत. पाणी सकाळी ७ ते ८ एवढंच. भरून ठेवा.

सी-१०१ काकू: वहिनी, एक रुपयाही भरू नका. ती मेंबरशिप फुकट असते. त्यांच्या क्लबचं नाव क्राउन अँड अँकर सोसायटी. जहाजावर काढलेल्या एका रात्रीचा एक पॉइंट, आणि ३ पॉइंट झाले की माणूस गोल्ड. तुम्ही ४ रात्री जाणार, म्हणजे परत याल तेव्हा आपोआप गोल्ड झालेल्या असाल. त्यासाठी १२,००० कोणाला कशाला द्यायचे? एजंटला सरळ विचारा, हे पैसे कंपनीच्या कोणत्या पावतीवर दिसतील?

बी-२०४ वहिनी: अगं बाई! आम्ही तर हो म्हणून बसलो होतो.

ए-३०२ भाऊ: काकू, एक शंका. हे विमानाच्या पॉइंटसारखं असतं का? म्हणजे साठवले आणि पुढचं तिकीट त्यात काढलं?

सी-१०१ काकू: नाही भाऊ, आणि सगळ्यांची फसगत इथेच होते. रॉयलचे पॉइंट हे पैसे नाहीत, ती नुसती मोजणी आहे. त्यातून तिकीट निघत नाही, खरेदी होत नाही. त्यावरून तुमची पायरी ठरते, आणि पायरीप्रमाणे सवलत मिळते. ३ ला गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. पिनॅकलला पोचलेल्याला मात्र ७०० वर एक सफर फुकट मिळते आणि पुढे दर ३५० ला आणखी एक. पण ७०० रात्री म्हणजे जवळजवळ दोन वर्षं समुद्रावर.

ए-३०२ भाऊ: मग गोल्डला मिळतं काय?

सी-१०१ काकू: खरं सांगू? फार काही नाही. थोडी कूपनं, काही किरकोळ सवलती, परत आलेल्यांसाठी एक कार्यक्रम. प्लॅटिनमपासून बाल्कनीच्या खोलीवर थोडी सूट सुरू होते. खरा फरक डायमंडला पडतो, तिथे रोज चार पेयांची व्हाउचरं मिळतात. ती दारूलाच लागतात असं नाही, कॉफी किंवा सरबतासारखं काही घेतलं तरी चालतात. जहाजावर चांगली कॉफी विकत घ्यावी लागते, त्यामुळे दोघांचा रोजचा खर्च बराच वाचतो. एका दिवसाचं इंटरनेटही मिळतं.

बी-३०१ दादा: म्हणजे डायमंडपर्यंत जायला हवं.

सी-१०१ काकू: दादा, हिशोब मांडून बघू. सिंगापूरची सफर ४ रात्रींची धरली तर ८० रात्रींना २० सफरी लागतात. आपल्यासारखी माणसं दोन वर्षांनी एकदा जातात. म्हणजे ४० वर्षं. प्लॅटिनमलाच ८ सफरी, १६ वर्षं. म्हणून मी वहिनींना सांगते, पायरी डोक्यात ठेवून सफर ठरवू नका. सफर आवडली म्हणून जा, रात्री आपोआप जमतात. रॉयलमध्ये जमलेले पॉइंट वाया जात नाहीत, मध्ये पाच वर्षं गेला नाहीत तरी ते तिथेच असतात.

बी-२०४ वहिनी: एजंट म्हणतो स्वीट, म्हणजे ती मोठी महागडी खोली, घ्या, डबल पॉइंट मिळतात.

सी-१०१ काकू: मिळतात, तो खोटं बोलत नाही. स्वीटला, अगदी ज्युनिअर स्वीटलासुद्धा, रात्रीला दोन. पण बाकी सगळ्या खोल्यांना एकच. बिनखिडकीची आतली खोली घेतली तरी एक, बाल्कनी घेतली तरी एक. स्वीटचं भाडं आतल्या खोलीच्या दुपटीवर थांबत नाही, पुष्कळ वर जातं. चार रात्रींत चार पॉइंट जास्त मिळावेत म्हणून तेवढे पैसे घालायचे का, हे तुमचं तुम्ही ठरवा. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे, समुद्र बघत चहा प्यायचा असेल तर बाल्कनी घ्या. बाल्कनीसाठी घ्या, पॉइंटसाठी नको.

डी-४०१ अण्णा: ताई, मनी पोर टेक्सासले ऱ्हास. तिनाजोडे डायमंड कार्ड शे. आम्ही म्हातारा-म्हातारी तिकडे गऊत तर आमले चाली का ते?

सी-१०१ काकू: अण्णा, नाही चालत. नवरा-बायको एका घरात राहत असतील तर दोघांना वरची पायरी मिळते. १८ वर्षांखालच्या मुलांनाही आईवडिलांची पायरी लागते. पण मुलीचं कार्ड आईवडिलांना लागत नाही. तुमच्या दोघांचं खातं वेगळं उघडायला सांगा तिला, पहिल्याच सफरीला. ती गॅल्व्हेस्टनहून जात असेल ना? टेक्सासची जहाजं तिथूनच सुटतात.

डी-४०१ अण्णा: हां, तेच नाव सांगस ती. पण म्हणस कार्निव्हलनी बोट बी ऱ्हास तठे.

सी-१०१ काकू: कार्निव्हलच्या रात्री रॉयलमध्ये मोजल्या जात नाहीत, अण्णा. दोन्ही कंपन्या वेगळ्या, वह्या वेगळ्या. आणि कार्निव्हलने २०२५ मध्ये जाहीर केलंय की त्यांची जुनी दिवस मोजायची पद्धत बदलून किती खर्च केला यावर पायरी ठरणार. जुने प्रवासी त्यावर बरेच नाराज झाले, आणि मला ते पटतं. ज्याने वर्षानुवर्षं आतल्या खोलीत राहून दिवस जमवले, त्याला खर्चाच्या मापाने मोजलं तर तो मागे पडणार. मला रात्रींचं माप जास्त न्यायाचं वाटतं. मुलीला म्हणा, बुकिंगच्या आधी नवे नियम एकदा वाचून घे.

डी-४०१ अण्णा: बरं शे. आज रातले सांगस पोरले.

बी-३०१ दादा: काकू, आम्ही मुंबईहून कॉर्डेलियाने लक्षद्वीप केलं. त्या रात्री रॉयलला धरतात का? त्या जहाजाचं नाव एम्प्रेस होतं, आणि तिथला एक माणूस म्हणाला हे मूळचं रॉयल कॅरिबियनचंच.

सी-१०१ काकू: माणूस बरोबर म्हणाला. ते जहाज १९९० चं, पहिलं नाव नॉर्डिक एम्प्रेस, मग एम्प्रेस ऑफ द सीज. रॉयलने विकलं आणि २०२१ पासून ते कॉर्डेलियाकडे चालू लागलं. पण रात्री जहाजाच्या नाहीत, कंपनीच्या वहीत जातात. कॉर्डेलियाच्या रात्री कॉर्डेलियापाशीच राहतात. सिंगापूरहून सुटणाऱ्या गेंटिंग ड्रीमचंही तेच. आपल्याकडचे पुष्कळ लोक त्यावर जातात, जैन जेवणसुद्धा मिळतं, पण त्याची रॉयलशी जोड नाही. कंपनी बदलायची तर एक वाट आहे. एमएससी ही कंपनी दुसरीकडची पायरी बघून तिच्या जोडीची पायरी आपल्याकडे देते, अर्ज करावा लागतो. आणि रॉयल, सेलिब्रिटी, सिल्व्हरसी या तिन्ही एकाच मालकीच्या, तिथे २०२४ पासून एकीतली पायरी दुसरीत चालते.

ए-१०५ मावशी: मी ऐकतेय सगळं. हे होते तेव्हा एकदा जायचं राहून गेलं. आता एकटीने गेलं तर चालतं का? खोली एकटीला देतात?

सी-१०१ काकू: देतात मावशी. पण भाडं दोघांचं घेतात, ते मनाला लागतं. त्यात एवढीच सोय की पूर्ण खोलीचं भाडं एकटीने भरलं तर रात्रीला दोन पॉइंट मिळतात. म्हणजे ४ रात्रींचे ८. मी मागच्या सफरीत एक बाई बघितल्या, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या. कोटाच्या कॉलरवर पिनॅकलची पिन होती. सकाळी त्या खिडकीजवळच्या त्याच टेबलावर बसायच्या आणि वेटर न विचारता चहा आणि लिंबाची फोड आणून ठेवायचा. मी दोनदा त्यांच्या शेजारी बसले. त्या म्हणाल्या, घरी मी एकटी असते, इथे मला नावाने हाक मारतात. मला ते कार्डाच्या सगळ्या सवलतींपेक्षा मोठं वाटलं.

ए-१०५ मावशी: 🙏

बी-२०४ वहिनी: मावशी, तुम्ही आमच्याबरोबर चला ना. माझी लेक येणार नाहीय, तुम्ही आलात तर मला बरं वाटेल.

ए-१०५ मावशी: बघते गं. मुलाला विचारते.

सेक्रेटरी: ज्यांचा या महिन्याचा मेंटेनन्स राहिलाय त्यांनी १० तारखेपर्यंत भरावा. आणि मळ्यातली भरीत पार्टी रविवारी, कळण्याची भाकरी आहे, किती माणसं ते कळवा.

सी-१०१ काकू: आम्ही दोघं. वहिनी, आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते, हे जपून ठेवा. नाव! माझ्या दोन सफरींचं काय झालं ऐका. पहिल्या वेळी एजंटने (जळगावचाच, नाव लिहीत नाही) माझं नाव आणि ह्यांचं नाव मध्ये जागा न सोडता एकत्र टाइप केलं. दुसऱ्या वेळी दुसऱ्याने नीट टाकलं, पासपोर्टसारखं. तिसऱ्या वेळी मी खातं उघडून बघते तर नुसत्या दुसऱ्या सफरीच्या ४ रात्री! पहिल्या वेळच्या ३ गेल्या कुठे? शोधल्यावर कळलं की माझे दोन नंबर झालेत. एका नंबरवर ३, दुसऱ्यावर ४.

ए-३०२ भाऊ: मग?

सी-१०१ काकू: सुदैवाने मी खोलीची दोन्ही कार्डं ठेवली होती, देव्हाऱ्याच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याखाली. पलंगावर शेजारी शेजारी ठेवून बघितली, तेव्हा फरक दिसला. पहिल्या कार्डावर नावाचा एक लांबलचक शब्द, दुसऱ्यावर दोन सुटे शब्द. दोन्हींचे फोटो, पासपोर्टचं पान आणि शेवटच्या रात्री दारातून सरकवतात तो हिशोबाचा कागद, असं सगळं कंपनीला पाठवलं. दोन नंबर एक झाले. कार्डं फेकली असती तर काय पुरावा दाखवला असता?

बी-२०४ वहिनी: आमच्याकडे तर सगळ्यांच्याच नावात घोळ. माझ्या पासपोर्टवर ह्यांचं नाव मध्ये आहे, जाऊबाईंच्या आधारवर माहेरचं आडनाव.

सी-१०१ काकू: आधार सोडून द्या, क्रूझला पासपोर्ट लागतो. बुकिंगवर पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर नाव पाहिजे. आपल्याकडच्या बायकांचे हेच हाल होतात, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि इंग्रजी अर्जात फक्त दोनच रकाने. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या रकान्यात जे छापलंय ते सगळं पहिल्या रकान्यात, तसंच, मधल्या जागेसकट. पहिली सफर झाली की दोनतीन आठवड्यांत खात्यात बघा रात्री लागल्या का. आणि पुढच्या बुकिंगच्या वेळी एजंटला तोच नंबर द्या. तो विसरला तर पुन्हा नवा नंबर उघडेल.

ए-३०२ भाऊ: हे आमच्या बँकेत ग्राहकाची दोन खाती निघतात तसंच झालं.

सी-१०१ काकू: अगदी तसंच. आणि भाऊ, तुम्ही पैशांचं बघता म्हणून सांगते, पायरी वाढली तरी टिप सुटत नाही. रॉयलमध्ये साध्या खोलीला माणशी रोज साडेअठरा डॉलरच्या आसपास आपोआप बिलात लागते. चौघांच्या ४ रात्री म्हणजे ३०० डॉलरच्या जवळ. एजंटच्या पॅकेजमध्ये ती धरली आहे का, हे आधी विचारायचं. गोल्ड-डायमंडच्या गोष्टींत हा खर्च मागे राहतो.

बी-२०४ वहिनी: हे तर त्याने सांगितलंच नाही!

सी-१०१ काकू: विचारा. आणि सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का तेही बघा, कारण जहाज बाहेर जाऊन परत तिथेच येतं. तुम्हाला दोनदा आत यायचंय.

(संध्याकाळी)

बी-२०४ वहिनी: काकू, एजंटला फोन केला. मेंबरशिपचे ३,००० आता काढून टाकले म्हणाला. पावतीचं विचारल्यावर लगेच काढले. टिप पॅकेजमध्ये नव्हती, ती वेगळी धरली आम्ही. बाल्कनी एक घेतोय, आमच्या दोघांची. दीर-जाऊ आतली घेतायत. मावशी, तुमच्या मुलाशी ह्यांचं बोलणं झालं, तो हो म्हणाला.

ए-१०५ मावशी: मला खोली एकटीलाच घे बाई. रात्री दिवा लावून वाचायची सवय आहे, दुसऱ्याला त्रास नको.

बी-२०४ वहिनी: घेतली मावशी. काकू, पाचही जणांची बुकिंगची नावं टाकू का इथे, बघता?

सी-१०१ काकू: ग्रुपवर पासपोर्ट नको. मला वेगळं पाठवा.

सी-१०१ काकू: बघितलं. तुमचं दोघांचं बरोबर. मावशींचंही. जाऊबाईंच्या पासपोर्टवर मधलं नाव आहे, बुकिंगवर नाही. आजच दुरुस्त करून घ्या, पैसे पूर्ण भरायच्या आधी.

बी-२०४ वहिनी: लावते फोन.