१५ हजारांच्या आतली गिटार ‘खेळणं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

शहापूरकर:
काल इथं एकानं लिहिलंय, “१५ हजारांच्या आतली इलेक्ट्रिक गिटार म्हणजे पोरांचं खेळणं. पैसे साठवा, नाहीतर ॲकूस्टिकच वाजवा.” खाली बऱ्याच जणांनी होकार भरलाय, म्हणून हे लिहितोय. चिक्कोडी-निपाणीकडच्या ज्या पोराच्या हातात घरच्यांनी कसेबसे दहा हजार ठेवलेत, त्यानं हे वाचून काय करायचं?

घोळ कुठं आहे सांगतो. खोक्यातून निघालेली गिटार आपण तशीच वाजवायला घेतो. मान वाकलेली, तारा उंच, बाराव्या फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या पट्टीला) सूर चढलेला. तारा सुरात लावा, पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकतंय का बघा. फट जास्त दिसली तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) उजवीकडे पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि पुन्हा सूर लावून बघा. मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची २ मिलिमीटरच्या आसपास आणा. शेवटी तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (बॉडीकडच्या ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे. एवढं केलेली स्वस्त गिटार दुप्पट किमतीच्या सेटअप न केलेल्या गिटारीपेक्षा बरी वाजते.

कॅम्पातला बाबू:
ते वाक्य माझं आहे, तेव्हा उत्तर मीच देतो. माझ्या भाच्यानं ऑनलाइन गिटार घेतली, फ्लॉइड रोजच्या (स्प्रिंगांवर तरंगणाऱ्या ब्रिजच्या) नकलेचा ब्रिज असलेली. एक तार चढवली की ब्रिज वर उचलायचा आणि बाकीच्या पाच उतरायच्या. पोरगं अख्खी संध्याकाळ सूर लावत बसायचं. शेवटी गिटार माळ्यावर गेली. ट्रस रॉडचा पाव फेरा तिथं काय करणार? खुंट्या ढिल्या, फ्रेटची टोकं हाताला कापणारी. हलकं लोखंड सेटअपनं भारी होत नाही, शहापूरकर.

शहापूरकर:
मग तसला ब्रिज घेऊ नका असं लिहायचं होतं! हार्डटेल (न हलणारा ब्रिज) घ्या किंवा साधा ट्रेमोलो (दांडीनं हलणारा ब्रिज) घेऊन मागच्या स्प्रिंगा आवळा, ब्रिज बॉडीला टेकवून टाका. एका गिटारीवरून सगळ्या स्वस्त गिटारींना खेळणं म्हणता, तेच खटकतं. स्वस्त नकलांशी टक्कर द्यायला फेंडर कंपनीनं १९८२ मध्ये जपानमधून स्क्वायर ही स्वस्त गिटार आणली. त्या सुरुवातीच्या गिटारी आज लोक शोधत फिरतात.

खानापूरचा मास्तर:
फ्रेटच्या टोकांचं बाबू म्हणतो ते खरंय, पण त्यात कंपनीचा एकटीचा दोष नाही. आमच्याकडं पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि मार्चमध्ये लाकूड वाळून आकसतं. लाकूड मागं सरतं, फ्रेट तिथंच राहतो. बारीक कानसीनं टोकं घासून बोथट करायची. कुणाला जमत नसेल तर मिरजेला न्या. सितारीची जवारी काढणारा हात गिटारीचा नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) सहज घासून देईल.

कॅम्पातला बाबू:
मास्तर, हे मात्र सांगू नका. सितारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, सरकवता येणारे. गिटारीचे फ्रेट खाचेत ठोकलेले. जवारीत तार घोडीवर घासून झणझणावी लागते, आणि गिटारीत नेमका तोच झणझणाट घालवायचा असतो!

खानापूरचा मास्तर:
म्हणूनच तर! झणझणाट कुठून येतो हे ज्याला कळतं, त्यालाच तो घालवता येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं ते उगीच नाही. माझ्या गिटारीचा नट तिथल्याच एका कारागिरानं घासून दिलाय. पहिल्या फ्रेटला एफ बार (एका बोटानं सगळ्या तारा दाबायचा कॉर्ड) धरताना आता बोटं दुखत नाहीत. तुम्ही तिथं कधी पाऊल तरी ठेवलंय का?

कॅम्पातला बाबू:
पाऊल ठेवलंय की नाही ते विचारणारे तुम्ही कोण? नटची खाच तारेच्या जाडीची लागते आणि खुंटीकडं उतरती लागते. ०.०४२ इंचाच्या तारेची खाच त्यानं कशानं मोजली?

निपाणीची अक्का:
भांडण थांबवा दोघंही. मिरजेला जायची वेळ का आली ते बघा. आमच्या भागात ऑर्केस्ट्रा होते तेव्हा गिटार, बेस, अॅम्प दुरुस्त करणारी माणसं होती. मंडळांनी सगळा पैसा डीजेच्या भिंतींवर घातला आणि ती माणसं दुसऱ्या धंद्याला लागली. माझे वडील ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे, सोल्डरिंगचं यंत्र कायम घरात असायचं. आज जॅकची एक तार सुटली तर पोरं कोल्हापूर गाठतात.

शहापूरकर:
अक्का, अगदी खरं. पण नट आणि सॅडल घरी जमतं. तिसरी तार पिळताना ‘टिंग’ आवाज आला तर ती नटात अडकतेय. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

कॅम्पातला बाबू:
पेन्सिलीचं मान्य. मीही तेच करतो. हार्डटेल असेल, मान सरळ असेल आणि दुकानात हातात घेऊन बघितली असेल, तर दहा-बारा हजारांची चालेल, एवढं लिहून देतो. पण हातात न घेता ऑनलाइन मागवू नका, आणि फ्लॉइड रोजची नक्कल त्या किमतीत घेऊ नका. हे मागं घेणार नाही.

खानापूरचा मास्तर:
आणि मिरजेचं मी मागं घेणार नाही. खाचेचं माप विचारून इथंच लिहितो.