पणजोबांच्या फोटोतला युनिफॉर्म ओळखाल का?

सातारकर_पोरगी: पणजोबा दुसऱ्या महायुद्धात होते एवढंच माहितीये, ट्रंकेत फोटो सापडला, टोपीवर बिगुल आणि बाहीवर दोन फिती, खांद्याखाली काळपट चौकोन, त्यात गोल असावा पण धड दिसत नाही.

गडकरी७: दोन फिती म्हणजे नाईक हा हुद्दा. बिगुल लाइट इन्फंट्रीचा (हलक्या पायदळाचा), साताऱ्याचे म्हणजे बहुतेक मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंट.

रानवारा: चौकोन म्हणजे डिव्हिजनचं (सैन्याच्या मोठ्या तुकडीचं) चिन्ह, नीट स्कॅन करा हो! काळ्यावर लाल गोल असेल तर ५वी इंडियन डिव्हिजन, १९४१ला एरिट्रियात केरनला लढलेली. लाल गरुड असेल तर ४थी. जुन्या फोटोत लाल काळाच दिसतो म्हणून घोळ होतो.

सातारकर_पोरगी: फोटोमागे पेन्सिलीने नंबर आहे!

गडकरी७: अगं तोच सर्व्हिस नंबर असेल, बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र टाक.