बंद पडलेलं छोटं इंजिन: तुमचं कसं चालू झालं? (अनुभव धागा)

सांदीकोपरा
रविवारी भाचीला घेऊन कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये गेले होते. ते १९९८ ला सुरू झालं तेव्हा बाबांनी मला नेलं होतं, तेच सगळं डोळ्यासमोर आलं. घरी आल्या आल्या माळ्यावरून बाबांचं एचओ मापाचं खेळण्यातलं रेल्वे इंजिन काढलं, १:८७ वालं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, १६.५ मिमीच्या रुळांवर चालतं ते. जोडणी केली, कंट्रोलरचा नॉब फिरवला, पुढचा दिवा लागला पण इंजिन जागचं हलेना, नुसतं गुंऽऽ. जरा वास आल्यासारखा वाटला म्हणून घाबरून बंद केलं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, ते असते तर पाच मिनिटांत सांगितलं असतं. तुमच्याकडे असं कधी झालंय का? काय केलंत? सगळं लिहा.

खडबड्या
ताई बंद केलंत ते उत्तम केलंत. दिवा लागतोय म्हणजे करंट पोचतोय, मोटर अडकलीय. अशा वेळी नॉब वाढवत राहिलं की मोटरमधलं तारेचं वाइंडिंग जळतं. वरची बॉडी काढा, फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचं जड चाक) असेल तर बोटाने हळू फिरवून बघा. जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं होतं, ९० टक्के वेळा तेच असतं. मोबाईल रिपेअरवाल्याकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मिळतं, इअरबडने पुसा, मग सुईच्या टोकावर मावेल इतकंच प्लास्टिकला चालणारं हलकं तेल. आणि कार्बन ब्रश (मोटरला करंट पोचवणारे स्प्रिंगवरचे छोटे तुकडे) काढणार असाल तर पारदर्शक पिशवीत हात घालून काढा, स्प्रिंग उडाली की कपाटाखाली गेलीच म्हणून समजा

ठाण्याचीमी
तेलावरून आठवलं, आमच्या सासऱ्यांनी लेकाच्या इंजिनात खोबरेल घातलं होतं!! उन्हाळाभर मस्त पळालं, मग डिसेंबरात नाशिकला गेलो तर ठप्प. उघडलं तर गिअरमध्ये पांढरं लोण्यासारखं गोठलेलं, उन्हात ठेवलं तर वितळून मोटरमध्ये उतरलं. तीनदा धुवावं लागलं. मुलगा तेव्हा दुसरीत होता, रडून रडून ताप आला त्याला. कुकर झालाय, आले

उपासाची_मिसळ
म्युझियमला सोमवारी सुट्टी असते का? आईला घेऊन जायचंय, जिने फार आहेत का तेही सांगा, गुडघे दुखतात तिचे

दूरदेशी
मी न्यूजर्सीहून पुतण्यासाठी अख्खा सेट आणला होता. दादाने उत्साहात ट्रान्सफॉर्मर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला, तो ११० व्होल्टचा आणि आपल्याकडे २३०, फट् झालं आणि धूर. सगळे म्हणाले इंजिन गेलं. पण ते तेव्हा रुळावर ठेवलेलंच नव्हतं म्हणून वाचलं. नंतर १२ व्होल्ट डीसीचा कंट्रोलर घेतला, अजून चालतंय. परदेशातून आणणाऱ्यांनी आधी ॲडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचा प्लीज.

राईनकाठ
+१, आणि पद्धतही बघा. इकडे जर्मनीत मार्क्लिन कंपनीचं एचओ जास्त, ते तीन रुळांच्या पद्धतीचं, मधल्या बारीक खिळ्यांवरून करंट घेतं. गेज (रुळांमधलं अंतर) तेच १६.५, त्यामुळे साध्या दोन रुळांवर छान बसतं. पण दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून इन्सुलेट नसतात, सरळ शॉर्ट. मेहुण्यांनी दोन दिवस वायरी तपासल्या, दोष कुठेच नव्हता.

सांदीकोपरा
अपडेट! बॉडी काढली. ग्रीस वाळलेल्या काकवीसारखं होतं, पिवळं, खरवडून काढावं लागलं. आणि मागच्या ॲक्सलला हिरवी लोकर गुंडाळलेली सापडली, गच्च, सात-आठ वेढे. माझ्या लहानपणीच्या स्वेटरात बाबांनी इंजिन गुंडाळून ठेवलं होतं, त्याचाच धागा. चिमट्याने एकेक वेढा सोडवला. आता मोटर फिरते!! पण थांबत थांबत जातंय, सांध्यावर (गाडी रूळ बदलते तिथे) तर हमखास थांबतं, दिवाही लुकलुकतो.

खडबड्या
वा ताई!! आता दिवाच लुकलुकतोय ना, म्हणजे मोटर सुटली, राहिला तो संपर्क. टिश्यू आयपीएत भिजवून दोन्ही रुळांवर आडवा टाका, त्यावर फक्त पुढची चाकं ठेवा, मागची रुळावर, इंजिन हाताने धरून चालू करा. मग इंजिनाचं तोंड फिरवून मागची चाकं टिश्यूवर. रूळ पण पुसून घ्या, पॉलिश पेपर अजिबात नको, ओरखड्यांत घाण जास्त धरते. आणि रूळ जोडणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या ढिल्या असतील तर पक्कडीने हलकेच दाबा. सांध्याच्या मधला तुकडा प्लास्टिकचा असेल तर तिथे करंट नसतोच, चाकं स्वच्छ असली की पार होईल. रूळ पुसल्यावर आयपीए उडून जाईपर्यंत जरा थांबा मात्र, लगेच चालू नको, ठिणगीने पेटतं ते. टिश्यूवर चालवताना पण थेंब गळेल इतकं भिजवू नका, नुसता ओलसर.

सांदीकोपरा
टिश्यूवर काळ्याकुट्ट दोन रेघा! पुसलं, थांबले, लावलं. पूर्ण गोल फिरलं, सांध्यावरून पण. आई आवाज ऐकून आतून आली आणि तशीच जमिनीवर बसली, अजून उठली नाहीये. खडबड्या दादा, तुमचे किती आभार मानू.

ठाण्याचीमी
डोळे भरून आले गं. तो हिरवा स्वेटर आहे का अजून? फोटो टाक ना, आईंनी विणलेला का? मला तसा केबलचा टाका शिकायचाय