इटालियन क्रियापदांची रूपं डोक्यात कशी बसवायची? (बी-वन परीक्षा तीन महिन्यांवर)

तोरिनोची_मधू:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. आम्ही तोरिनोत राहतो, पुढच्या वर्षी दहा वर्षं पूर्ण होतील म्हणून नागरिकत्वाचा अर्ज टाकायचाय आणि 2018 च्या कायद्यापासून त्याला बी-वनचं, म्हणजे भाषेच्या मधल्या पातळीचं, सर्टिफिकेट लागतं. आता तुम्ही म्हणाल इतकी वर्षं तिथे राहून भाषा येत नाही का, तर येते हो, पोर्ता पालात्सोच्या बाजारात घासाघीस करण्याइतकी फर्डी येते, पण सगळी वर्तमानकाळात. काल मी जाते, उद्या मी जाते, लहानपणी मी जाते. भाजीवाला समजून घेतो, माझा आठ वर्षांचा लेक नाही घेत. परवा शाळेच्या गेटवर त्याच्या टीचरला मी ‘येरी व्हादो दाल दोत्तोरे’ म्हटलं, म्हणजे ‘काल डॉक्टरकडे जाते’, तर पोरगं तोंडावर हात घेऊन तिथेच खाली बसलं.

क्लासमध्ये एक तक्ता मिळालाय. सात ‘मोदी’ (आपले नव्हेत, मोदो म्हणजे व्याकरणातला क्रियापदाचा ‘अर्थ’, आज्ञार्थ वगैरे, त्याचं अनेकवचन) आणि त्यांचे मिळून एकवीस काळ, त्यात बहुतेक काळांत प्रत्येकी सहा रूपं. ‘पार्लारे’चा (बोलणे) तक्ता फ्रिजवर चिकटवलाय, तो बघून भूकच मरते. पाठांतर माझं पाढ्यांपासून कच्चं. कुठलं अॅप, कुठली पद्धत, आणि मुख्य म्हणजे काय सोडून दिलं तर चालेल ते सांगा.

बोलोन्याचा_बंड्या:
ताई, शॉर्टकट नाही, रट्टा मारावाच लागतो. पण एकवीसच्या एकवीस काळांचा नाही. वर्तमान, पास्सातो प्रोस्सिमो (बोलण्यातला नेहमीचा भूतकाळ), इंपेर्फेत्तो (चालू असलेला भूतकाळ), साधा फुतूरो (भविष्यकाळ), कोन्दित्सियोनाले (अटीचं रूप) आणि आज्ञार्थ एवढे बोटांवर पाहिजेत, कोंजुन्तीव्होचा (इच्छा-शंकेचं रूप) वर्तमानकाळ कामापुरता. त्रापास्सातो रेमोतोचं (एक पुस्तकी भूतकाळ) पान खुशाल फाडा, मी बोलताना कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

अॅप म्हणाल तर अंकी, प्रश्न-उत्तराची कार्डं करून घोकायचं. फक्त कार्डावर तक्ता लिहू नका, अख्खं वाक्य लिहा आणि क्रियापदाची जागा रिकामी ठेवा. रूप अडलं तर वर्डरेफरन्स या ऑनलाइन शब्दकोशावर क्रियापद टाकलं की सगळा पसारा एका पानावर येतो. आधी फक्त बारा घ्या: एस्सेरे (असणे), आव्हेरे (जवळ असणे), फारे, आंदारे, स्तारे, दारे, दीरे, व्हेनीरे, पोतेरे, व्होलेरे, दोव्हेरे, सापेरे. वाकडी आहेत सगळी, पण दिवसभर हीच लागतात.

पालेर्मो_रिटर्न:
बंड्याशेठ, पास्सातो रेमोतोबद्दल (दूरचा भूतकाळ) काही बोलला नाहीत. उत्तरेत तो पुस्तकात असतो, सिसिलीत तो तोंडात असतो. मी दोन वर्षं पालेर्मोत काढली, तिथे माणूस दारातून आत येता येता ‘आर्रिव्हाई’ म्हणतो, म्हणजे आत्ता आलो, आणि मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं हा कुठल्या जन्मीची गोष्ट सांगतोय. तोरिनोत असाल तर बोलायची गरज नाही, वाचताना ओळखता आला की झालं. ओळखायला सोपं आहे: मी, तो आणि ते यांचीच रूपं बिघडतात. प्रेझी, प्रेझे, प्रेझेरो. मधली प्रेन्देस्ती, प्रेन्देम्मो, प्रेन्देस्ते सरळच.

निवृत्त_मास्तरीण:
मधू, मी मराठी शिकवायचे, चौतीस वर्षं. लेक बेर्गामोला असते, नातवंडांशी बोलता यावं म्हणून साठीनंतर इटालियन शिकले, त्यामुळे माझं थोडं ऐक. तो तक्ता फ्रिजवरून काढ. तू हे सगळं शाळेत शिकली आहेस, विसरली आहेस इतकंच.

स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. आठवतंय? पोरं घोकायची, कळायचं कोणालाच नाही. इंदिकातीव्हो, इंपेरातीव्हो, कोंजुन्तीव्हो, कोन्दित्सियोनाले ही त्यांचीच लांबची भावंडं. तू इंग्रजीतून इटालियन शिकतेस म्हणून अडतेस. इंग्रजीला यातलं निम्मं नाहीच, आपल्याला आहे.

आपण म्हणतो ‘लहानपणी आम्ही नदीवर जायचो’. हा आपला रीतिभूतकाळ, आणि तोच इंपेर्फेत्तो: आंदाव्हामो. ‘जात होतो’ म्हणायचं असेल तरी तोच. एकदाच घडून संपलं ते ‘गेलो’, सियामो आंदाती. ‘जायचो’ की ‘गेलो’ हे आधी मनात मराठीत म्हणून बघ, दहातल्या नऊ वेळा उत्तर मिळतं. आणि या इंपेर्फेत्तोइतका गुणी काळ दुसरा नाही, व्हो, व्ही, व्हा, व्हामो, व्हाते, व्हानो लावत जायचं, एस्सेरे तेवढं पूर्ण वेगळं आणि फारे, दीरे, बेरे यांचं मूळ जरा बदलतं.

दुसरं, ‘तो घरी असेल’. क्रियापद भविष्यकाळातलं, पण बोलतोय आत्ताबद्दल, अंदाजाने. इटालियन माणूस तेच करतो, ‘सारा आ कासा’. ‘निघाला असेल’ म्हणजे ‘सारा पार्तीतो’. फुतूरो आन्तेरियोरे म्हणून ज्याला घाबरतेस ना, ते हे आपलं रोजचं ‘असेल’.

आणि ‘आवडणे’. मला आवडतं, ‘मी प्याचे’ (त्यांचा ‘मी’ म्हणजे ‘मला’). मला आवडतात, ‘मी प्याच्चोनो’. इंग्रजीतून आलेली मंडळी इथे महिनाभर अडखळतात, आपल्याला काही करावंच लागत नाही.

तोरिनोची_मधू:
बाई, अंगावर काटा आला. ‘जायचो’ला इटालियनमध्ये रूप आहे हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नाही. कोंजुन्तीव्होचं पण सांगा ना, तिथे माझं विमान नेहमी पडतं.

निवृत्त_मास्तरीण:
दारात पाहुणे आले की आपण म्हणतो ‘यावं, बसावं’. इटालियनमध्ये परक्या माणसाला ‘व्हेंगा, सी अक्कोमोदी’. ही दोन्ही कोंजुन्तीव्होचीच रूपं, आदराने सांगायचं म्हणून आज्ञा न करता इच्छा बोलून दाखवायची. आपला विध्यर्थ दुसरं काय करतो? ‘त्याने यावं असं मला वाटतं’ म्हणजे ‘व्होल्यो के व्हेंगा’.

रूप बनवायची युक्ती: वर्तमानकाळातलं ‘मी’चं रूप घ्यायचं आणि शेवटचा ओ काढून आ लावायचा. व्हेंगो-व्हेंगा, दीको-दीका, फाच्चो-फाच्चा, एस्को-एस्का. आरे-वाल्या सरळ क्रियापदांना आ ऐवजी ई, पार्लो-पार्ली. मी, तू, तो तिघांना एकच रूप, म्हणजे पाठांतर तिथेच कमी झालं. या युक्तीत न बसणारी पाच आहेत, सीया, आब्बिया, साप्पिया, दीया, स्तीया, ती मात्र घोकायची.

बोलोन्याचा_बंड्या:
बाईंचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण एक खड्डा दाखवतो, मी स्वतः त्यात पडलोय. मराठीत आपण ‘मला वाटतं तो घरी आहे’ असं साधं ‘आहे’ म्हणतो. इटालियनमध्ये ‘पेन्सो के’ (मला वाटतं की) आलं की मागून एस्सेरेचं कोंजुन्तीव्हो ‘सीया’ यायलाच हवं, निदान परीक्षेत तरी. कट्ट्यावर पोरं सर्रास ‘ए’ (साधं ‘आहे’) म्हणतात ते सोडा.

दुसरा खड्डा, भूतकाळ करताना मदतीला एस्सेरे घ्यायचं की आव्हेरे. मी मराठीवरून नियम केला होता: भूतकाळात ‘ने’ लागला की आव्हेरे. त्याने खाल्लं, आ मांजातो. त्याने लिहिलं, आ स्क्रीत्तो. आणि तो गेला, ती आली, तो राहिला, ती जन्मली यांना एस्सेरे. मस्त चाललं होतं, मग ‘तो झोपला’ आलं. ‘ने’ नाही, तरी आव्हेरे, आ दोर्मीतो. हसला, चालला यांचं पण तेच. आणि उलट बाजूने ‘त्याने आंघोळ केली’ला ‘ने’ आहे पण तिथे सी ए लाव्हातो, कारण स्वतःवर केलेल्या कामाला एस्सेरे. तेव्हा नियम वापरा पण डोळे उघडे ठेवून.

पालेर्मो_रिटर्न:
लिंगाचं राहिलं की. मी गेलो, मी गेले, हे तर आपल्याला आईच्या दुधातून मिळालंय, सोनो आंदातो आणि सोनो आंदाता. आणि ‘मी पोळी खाल्ली’ म्हणताना क्रियापद पोळीकडे बघतं ना, इटालियनमध्ये पण बघतं, पण फक्त पोळी सर्वनाम होऊन आधी आली तर. ‘किल्ल्या हरवल्या’ साधं सांगितलं तर ओ पेर्सो ले क्याव्ही, काही बदल नाही. पण ‘किल्ल्या? हरवल्या’ असं असेल तर ले ओ पेर्से. फक्त लिंग त्यांचं धरायचं, आपलं नाही. मी ‘पिझ्झा आवडला’च्या नादात ‘मी ए प्याचूतो’ म्हणायचो आणि वेटर शांतपणे ‘प्याचूता’ म्हणून जायचा. पिझ्झा तिथे बाई आहे.

नुसता_वाचक:
इटालियनशी काही संबंध नाही, नाशिकला असतो, पण आज कळलं की संकेतार्थ कशाला शिकवला होता. चहा टाकून परत वाचतोय.

तोरिनोची_मधू:
दोन आठवडे झाले, अपडेट देते. तक्ता काढला, अंकीवर रोज वीस वाक्यं चालू आहेत, शिवाय प्रौढांसाठीच्या सरकारी शाळेत, ज्याला इथे ची-पी-ई-आ म्हणतात, तिथे संध्याकाळचा वर्ग मिळाला. काल स्वतः एक वाक्य रचलं: ‘से आव्रेइ सापूतो, सारेइ व्हेनूता’, माहीत असतं तर आले असते. लेकाने ऐकलं आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. बोललाच नाही. काय चुकलं?

निवृत्त_मास्तरीण:
अर्धं बरोबर आहे, आणि चुकलेलं अर्धं मराठीमुळेच चुकलंय, दोष माझ्याकडे. आपण दोन्ही बाजूंना ‘असतं’, ‘असते’ लावतो, म्हणून तू दोन्हीकडे ‘रेइ’ लावलंस. त्यांच्यात ‘से’च्या (‘जर’च्या) बाजूला कोंजुन्तीव्हो आणि दुसऱ्या बाजूला कोन्दित्सियोनाले. से आव्हेस्सी सापूतो, सारेइ व्हेनूता. ‘से’ला ‘रेइ’ चिकटलेलं दिसलं की थांबायचं. तिथली पोरंसुद्धा शाळेत याच्यावरून बोलणी खातात, म्हणून लेक तसा बघत राहिला.

आणि कान पण तयार कर. पार्लेरेमो म्हणजे बोलू, पार्लेरेम्मो म्हणजे बोललो असतो तर बरं या धाटणीचं ‘बोलू की’. फरक एका जोड म चा. ‘पका’ आणि ‘पक्का’ आपल्याला वेगळं ऐकू येतं, तसंच ऐकायचं. आणि आघात: पार्लो म्हणजे मी बोलतो, शेवटच्या ओ वर जोर दिला की तो बोलला. लिहिताना त्या ओ वर छोटी तिरकी रेघ देतात ती विसरू नकोस, मार्क जातात.

बोलोन्याचा_बंड्या:
बाई, ते ‘बोललो असतो तर बरं’ जरा गोल झालं, साधं ‘बोललो असतो’ म्हटलं तर ते झालेल्या गोष्टीचं, आव्रेम्मो पार्लातो. पार्लेरेम्मो म्हणजे ‘वेळ असता तर आत्ता बोललो असतो’ मधलं बोलणं. मराठीत दोघांना एकच रूप पुरतं, तिथे दोन लागतात.

निवृत्त_मास्तरीण:
बरोबर आहे रे, दुरुस्ती मान्य. चौतीस वर्षं लोकांच्या वह्या लाल केल्या, एवढं चालायचंच.

तोरिनोची_मधू:
आज शनिवार म्हणून पोर्ता पालात्सोला गेले होते. माझ्या नेहमीच्या भाजीवाल्याचा ठेला बंद. शेजारच्या चीजवाल्या आजीला विचारलं तर ती हात उडवत म्हणाली, ‘सारा आंदातो आल मारे’. आणि काय सांगू, डोक्यात इंग्रजी आलंच नाही, सरळ ‘समुद्रावर गेला असेल’ असंच ऐकू आलं. तिथेच उभ्या उभ्या हसायला लागले, आजीला वाटलं हिला काय झालं. मेथीसारखी दिसणारी ती पालेभाजी फक्त त्याच्याकडेच मिळते, तो कधी येईल हे मात्र विचारायचं राहूनच गेलं.